फ्लॉरेन्स नाइटिंगेल : सेवासुद्धा शिकावी लागते



१२ मे हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या वेळी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे प्रार्थनासभेत या दिवसाबद्दल चार शब्द बोलण्याची संधी मला कधी मिळत नाही. म्हणून ज्यांच्या जन्मदिवशी हा दिन येतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख वार्तापत्रातून करून देत आहे.

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमध्ये फिरणारी बाई, एवढेच त्यांचे चित्र आपल्या सर्वांच्या मनात असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. युद्धभूमीच्या इस्पितळांत त्या जेमतेम पावणेदोन वर्षे होत्या, आणि जगल्या नव्वद वर्षे. बाकीच्या आयुष्यात त्यांनी जगाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा पटवून दिली. आजारी आणि वृद्ध माणसाची काळजी घेणे हे शिकण्याचे काम आहे. मन चांगले असावे लागतेच, पण नुसते मन चांगले असून भागत नाही.

हा विषय निवडण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली मुले नोकरीसाठी पुण्याला, बंगळुरूला, परदेशात गेली आहेत. घरात आजी-आजोबा आहेत. कोणी अंथरुणाला खिळले की आपण दिवसभरासाठी एक बाई ठेवतो आणि निश्चिंत होतो. तिला हे काम कोणी शिकवले आहे का, हे आपण विचारत नाही. आपल्याला तरी कोणी शिकवले आहे?

श्रीमंत घर आणि एक वेगळी इच्छा

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. आई-वडील तेव्हा प्रवासात होते. शहराच्या नावावरूनच तिचे नाव ठेवले. घराणे इंग्लंडमधले, अत्यंत सधन. डर्बीशायरमध्ये एक घर, हॅम्पशायरमध्ये दुसरे. वडील विल्यम यांनी दोन्ही मुलींना स्वतः लॅटिन, ग्रीक, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष आवड होती, आणि ही आवड पुढे फार मोठ्या कामाला आली.

सतराव्या वर्षी, १८३७ मध्ये, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे असा अनुभव तिला आला. पण सेवा म्हणजे नेमके काय करायचे, हे कळायला अनेक वर्षे लागली. १८४५ साली तिने आपल्या आजारी आजीची आणि घरातल्या म्हाताऱ्या दाईची शुश्रूषा केली. त्याच उन्हाळ्यात एक गरीब बाई तिच्या डोळ्यांदेखत वारली. तिच्या उशाशी माणसे होती, पण काय करावे आणि काय करू नये याचे ज्ञान त्यांपैकी कोणालाच नव्हते. त्यांच्या अज्ञानाने त्या बाईचा जीव घेतला, असे फ्लॉरेन्सचे ठाम मत झाले. हा प्रसंग ती विसरली नाही.

तिने सॉल्सबरीच्या इस्पितळात काही महिने काम शिकण्याची परवानगी मागितली. घरात एकच गोंधळ उडाला. त्या काळी इस्पितळातली नर्स म्हणजे अशिक्षित आणि बहुधा दारू पिणारी बाई, अशी समजूत होती. आई आणि मोठी बहीण पार्थेनोप यांचा विरोध सर्वांत तीव्र होता. फ्लॉरेन्सने चांगल्या स्थळालाही नकार दिला. पहाटे उठून ती इस्पितळांचे अहवाल वाचत असे आणि त्यांच्या टिपणवह्या तयार करत असे. शेवटी १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझरस्वर्थ येथील संस्थेत तिला तीन महिने राहून शिकता आले. तेव्हा तिचे वय ३१ होते.

पहिली नोकरी

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या अप्पर हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका लहान संस्थेच्या त्या प्रमुख झाल्या. येथे बहुतेक करून लोकांच्या घरी मुलांना शिकवणाऱ्या, जवळ पैसा नसलेल्या शिक्षिका उपचारासाठी येत. काहींची दुखणी बरी होण्यासारखी नव्हती. पगार नव्हता. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड बांधून दिले होते, त्यावर त्यांचे चाले.

येथे त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक मजल्यावर गरम पाणी नळाने येईल अशी व्यवस्था करवून घेतली. रुग्णांचे जेवण खालच्या स्वयंपाकघरातून वर नेण्यासाठी दोरीची लिफ्ट बसवली. कोणत्या रुग्णाने घंटा वाजवली हे नर्सला लगेच दिसेल अशी खूण घंटांना लावली. यामागचा विचार सरळ होता. जी नर्स दिवसभर पाण्याच्या बादल्या आणि ताटे घेऊन जिने चढते-उतरते, तिला रुग्णाजवळ बसायला वेळ आणि शक्ती कोठून उरणार? सेवा करणाऱ्याचे श्रम वाचवणे हीसुद्धा रुग्णाचीच सेवा आहे.

स्कुटारीचा हिवाळा

१८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. ब्रिटिश सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांना घेऊन त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला स्कुटारी येथे पोहोचल्या. हे ठिकाण आज इस्तंबूल शहराचा भाग आहे.

तेथील बराक इस्पितळ प्रचंड होते, पण त्यात भांडी नव्हती, टॉवेल नव्हते, अंगावरचे स्वच्छ कपडे नव्हते. उंदीर आणि उवा मात्र भरपूर. डॉक्टरांना बायकांची लुडबुड नको होती. नाइटिंगेल यांनी वाद घातला नाही. डॉक्टर बोलावतील तेव्हाच आत जायचे, असे त्यांनी आपल्या परिचारिकांना बजावले आणि त्यांना पट्ट्या शिवायला बसवले. काही दिवसांतच इंकरमनच्या लढाईतले जखमी येऊ लागले आणि डॉक्टरांना बोलवावेच लागले. मग घासण्याचे ब्रश आले, कपडे धुण्याची जागा झाली, अशक्त रुग्णांसाठी वेगळे स्वयंपाकघर सुरू झाले. रात्री दिवा घेऊन त्या मैलोगणती लांबीच्या रांगांमधून फिरत. मृत सैनिकांच्या घरी स्वतः पत्रे लिहीत.

इतके करूनही त्या हिवाळ्यात माणसे मरतच राहिली. चार हजारांहून अधिक सैनिक तेथे दगावले. बहुसंख्य मृत्यू जखमांनी झालेच नाहीत. जुलाब, कॉलरा आणि ताप यांनी झाले. मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेले आरोग्य पथक आले. इमारतीखालचे मैल्याचे नाले तुंबलेले होते. पाणी येण्याच्या वाटेत मेलेला घोडा सापडला. पथकाने नाले साफ केले, हवा खेळती केली, भिंतींना चुना लावला. त्या वेळच्या नोंदींप्रमाणे फेब्रुवारीत शेकडा ४२ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत शेकडा २ वर आले.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या मायदेशी परतल्या, त्याही खोटे नाव घेऊन, कारण त्यांना मिरवणूक नको होती. सारा देश त्यांना देवता मानत होता. त्यांनी मात्र संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने मृत्यूंचे आकडे मांडायला घेतले. आकड्यांनी जे सांगितले ते कठोर होते. ज्या इस्पितळात त्या रात्रंदिवस राबल्या, तेथेच त्या हिवाळ्यात सर्वाधिक माणसे मेली होती, आणि त्याचे मुख्य कारण अस्वच्छता हे होते. माया, जागरण आणि गरम सूप यांनी नाल्याची घाण भरून निघाली नव्हती. हे सत्य त्यांना झाकता आले असते. त्यांनी ते रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. १८५८ मध्ये इंग्लंडच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. मित्रहो, लोक आपली स्तुती करत असताना आपलाच निकाल स्वतः तपासणे हे दिवा घेऊन फिरण्यापेक्षाही अवघड आहे.

एक छोटे पुस्तक

१८५९-६० मध्ये त्यांचे 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक निघाले. ते नर्सच्या परीक्षेसाठी लिहिलेले नव्हते. घरात कोणाची ना कोणाची शुश्रूषा करावी लागणाऱ्या सर्वसाधारण स्त्रियांसाठी होते. पुढे कष्टकरी कुटुंबांसाठी त्याची स्वस्त आवृत्तीही काढली. यातल्या कित्येक गोष्टी आजही रुग्णसेवकांच्या पहिल्या वर्गात शिकवल्या जातात. त्यांचा सारांश माझ्या शब्दांत असा आहे.

खोलीत ताजी हवा आणि उजेड असावा, पण रुग्णाला गारठा लागू नये. धूळ फडक्याने झटकली तर ती पुन्हा खोलीतच बसते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावी. सेवा करणाऱ्याने दिवसातून अनेकदा हात धुवावेत. रुग्णाचे अंग पुसताना एकदम सगळे उघडे करू नये, एकेक भाग पुसून कोरडा करून झाकावा.

रुग्णाशी बोलताना त्याला मान वळवावी लागणार नाही असे समोर बसावे. मागून एकदम हाक मारू नये. त्याच्या पलंगाला धक्का देऊ नये, त्यावर रेलू नये. दाराबाहेर कुजबुजू नये, कारण रुग्ण ती कुजबुज कान देऊन ऐकतो आणि घाबरतो.

न खाल्लेले अन्न त्याच्या उशाशी ठेवून जाऊ नये. भूक नसेल तर थोडे थोडे, वेळ पाहून, चमच्याने द्यावे. कपाखालची बशी कोरडी ठेवावी, म्हणजे अंगावर थेंब सांडणार नाहीत. पलंग इतका उंच नको की उतरता येणार नाही, आणि खिडकीबाहेरचे दिसेल असा ठेवावा. एकच भिंत महिनोन्‌महिने पाहून मन आजारी पडते.

पाठीवर पडणाऱ्या जखमांकडे त्या आजाराचा भाग म्हणून पाहत नसत. तो बहुधा शुश्रूषेतला दोष असतो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. आज शिकवतात की हलता न येणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, चादरीला सुरकुती राहू देऊ नये, कातडी कोरडी ठेवावी. विचार तोच आहे.

खोटा धीर देऊ नये, ही त्यांची आणखी एक सूचना. काही नाही, चार दिवसांत उठून बसाल, असे भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणतो, आणि आपले दुखणे कोणी समजून घेत नाही असे रुग्णाला वाटते. आणि शेवटी निरीक्षण. झोप चांगली लागली का, असे विचारून काही कळत नाही. किती वाजता लागली, किती वेळा मोडली, पुन्हा लागली का, असे विचारावे. किती खाल्ले, लघवी-शौच कसे झाले, कातडीचा रंग कसा आहे, हे रोज पाहून लिहून ठेवावे. डॉक्टर पाच मिनिटे येतात. बाकीचा सारा दिवस सेवा करणाऱ्यानेच पाहिलेला असतो.

या सर्वांत त्यांना महत्त्वाचे वाटे ते म्हणजे आपण नसताना काय होईल याची सोय. मी असले की सर्व ठीक असते, ही फुशारकी नाही, उणीव आहे. आपल्यामागे दुसऱ्याला तेच काम तसेच करता यावे, अशी पद्धत बसवली पाहिजे.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. रोग दूषित हवेने होतात असे त्या बराच काळ मानत होत्या. जंतूंचा सिद्धांत त्यांनी उशिरा स्वीकारला. पण स्वच्छतेचा आग्रह दोन्ही मतांत उपयोगीच ठरला.

कोणी नसलेल्यांची सेवा

लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमवला होता. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. एक वर्षाचे शिक्षण, ठरलेला अभ्यास आणि प्रत्येकीच्या कामाची नोंद.

पण सर्वांत दुर्लक्षित रुग्ण मोठ्या रुग्णालयांत नव्हते. ते वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयस्थानात होते. तेथे म्हातारे, जुनाट आजाराचे आणि ज्यांना घरचे कोणी उरले नाही असे लोक वर्षानुवर्षे पडून असत. त्यांची देखभाल तेथीलच दुसरे निराधार करत, न शिकलेले आणि बिनपगारी. लिव्हरपूलच्या वर्कहाऊसमध्ये १८६५ साली ॲग्नेस जोन्स या शिक्षित परिचारिका बारा सहकाऱ्यांसह गेल्या. तेथे बाराशेच्या आसपास रुग्ण होते. १८६८ मध्ये टायफस तापाने ॲग्नेस यांचे तेथेच निधन झाले, वय अवघे ३५. गरीब म्हणून आजारी माणसाला कमी प्रतीची सेवा देता येणार नाही, हे नाइटिंगेल यांचे म्हणणे होते. १८६७ मध्ये लंडनसाठी कायदा झाला आणि वर्कहाऊसपासून वेगळी रुग्णालये उभी राहू लागली. जुनाट आजारी आणि वृद्धांच्या दीर्घकाळ देखभालीचा प्रश्न सरकारचाही आहे, हे तेव्हा मान्य होऊ लागले.

हिंदुस्थान आणि पुणे

नाइटिंगेल भारतात कधी आल्या नाहीत, पण जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी भारताचा अभ्यास केला. १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगासाठी त्यांनी येथील लष्करी छावण्यांना प्रश्नावली पाठवून पाणी, नाले आणि बराकींची माहिती मागवली. आपल्याजवळचे महू १८१८ पासून छावणीच आहे, म्हणून हा विषय आपल्याला परका नाही. येथील ब्रिटिश सैनिकांचे वार्षिक मृत्यू दर हजारी ६९ होते, ते १८७३ पर्यंत १८ वर आल्याचे त्यांनी दाखवले. पुढे त्यांचे लक्ष खेड्यातल्या रयतेकडे वळले. दुष्काळ, कालवे आणि गावाची स्वच्छता यांवर त्या लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या चरित्राला नाइटिंगेल यांची प्रस्तावना आहे. याच दोघांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन निघाले, आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. चांगल्या घरच्या बाईने परक्याची मलमूत्रसेवा करायची का, हा प्रश्न पुण्यातही विचारला गेला. साठ वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या घरीही हेच विचारले गेले होते.

स्वतः अंथरुणावर

क्रिमियात १८५५ मध्ये त्यांना जबर ताप आला होता. त्यातून त्या पुरत्या बऱ्या झाल्याच नाहीत. आजचे काही अभ्यासक त्याला ब्रुसेलोसिस म्हणतात. १८५७ नंतर बराच काळ त्यांचे जग म्हणजे एक खोली आणि एक पलंग एवढेच होते. पाठदुखी इतकी की कित्येक दिवस चालवत नसे. वर सांगितलेले पुस्तक एका रुग्णाने लिहिलेले आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. कुजबुजीचा त्रास, दारामागची पावले आणि भेटायला आलेल्यांचा खोटा धीर त्यांनी पलंगावर पडून सोसला होता.

१८७४ मध्ये वडील गेले. आई तोपर्यंत आंधळी झाली होती, स्मृतीही जात चालली होती. स्वतः आजारी असलेल्या फ्लॉरेन्स महिनोन्‌महिने आईजवळ राहिल्या. १८८० मध्ये आई गेली. पुढे बहीण पार्थेनोप संधिवाताने जखडली, तेव्हा तिच्याही उशाशी त्याच होत्या. १८९० मध्ये तीही गेली. ज्या दोघींनी त्यांना नर्स होऊ दिले नव्हते, त्यांना शेवटी या नर्सचाच आधार झाला. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग स्कुटारीपेक्षाही मोठा वाटतो.

अखेरच्या दहा वर्षांत त्यांची स्वतःची दृष्टी गेली, मग स्मृतीही. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, पण तोपर्यंत तो समजण्याच्या स्थितीत त्या फारशा नव्हत्या. असे सांगतात की रात्री नर्स त्यांना पांघरूण घालून गेली की त्या उठून शेजारच्या खोलीत जात आणि त्या नर्सला पांघरूण घालून येत. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा प्रस्ताव नातलगांनी नाकारला. त्यांच्या गावच्या चर्चजवळील दगडावर नाव नाही, फक्त आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची नोंद आहे.

आपण काय घ्यावे

आज शाळांतून कौशल्य शिक्षणात जनरल ड्यूटी असिस्टंट हा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. रुग्णाला कूस देणे, व्हीलचेअरवर बसवणे, भरवणे, तोंड धुऊन देणे, बेडपॅन देणे, ताप आणि नाडी पाहून लिहिणे, अशी कामे त्यात शिकवतात. पालकांनी त्याला कमी लेखू नये. येत्या काळात आपल्या सर्वांच्याच घरी या शिकलेल्या हातांची गरज पडणार आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत आजी-आजोबांसाठी एवढे करा. समोर बसून बोला. पाण्याचा पेला त्यांच्या हाताला येईल असा ठेवा. बाथरूमची वाट कोरडी आणि मोकळी ठेवा. रात्री झोप किती वाजता मोडली ते विचारा. त्यांच्याजवळ एखादी बाई कामाला येत असेल तर तिला नावाने आणि मानाने हाक मारा, आणि ती दमली असेल तर तिला पाणी आणून द्या.

सर्वांना सुट्टीच्या शुभेच्छा.

आपली,
प्राचार्या